पूर्णविरामानंतरची जागा

चहाचा कप हातात घेऊन चिन्मयीने ऑफिसातल्या नॉर्बर्टने पाठवलेलं पान स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत तपासलं आणि तिला खोडायला काहीच सापडलं नाही. तिने पान पुन्हा वर नेलं. वाक्य संपलं की फुलस्टॉप, मग एक स्पेस, मग पुढचं वाक्य. सगळीकडे एकच स्पेस. जे व्हावं म्हणून तिने इतकी वर्षं डोकं आपटलं होतं, ते सोमवारी सकाळी न सांगता-सवरता होऊन बसलं होतं.

"निनाद, म्हातारा सुधारला," ती नवऱ्याला म्हणाली.

निनाद टोस्टला बटर लावत होता. "कोण?"

"नॉर्बर्ट. एकच स्पेस दिलीय. अख्ख्या पानभर."

"मग पार्टी दे त्याला," निनाद म्हणाला आणि टोस्ट घेऊन गॅरेजमध्ये गेला. लॉकडाऊनपासून गॅरेज हे त्याचं ऑफिस होतं. जेवणाचं टेबल चिन्मयीच्या वाट्याला आलं होतं आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला लेकीची, स्वरदाची, चौथीची शाळा भरायची.

खरं तर चिन्मयीला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. ती चहा तसाच ठेवून खिडकीकडे बघत राहिली. समोरच्या प्लॉटवर घराचा नुसता लाकडी सांगाडा उभा होता. बांधकामं बंद पडल्यापासून त्याला गुंडाळलेलं प्लास्टिक वाऱ्याने सुटून फडफडत होतं. परदेशातल्या त्या शहराच्या कडेला, स्कोफिल्ड्समधल्या त्यांच्या गल्लीत असे चार सांगाडे होते, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आता या स्पेसच्या प्रकरणात एवढं भांडण्यासारखं काय, असं बाहेरच्या कोणालाही वाटेल. चिन्मयी आणि नॉर्बर्ट हॉस्पिटलमधल्या यंत्रांची मॅन्युअलं लिहायचे. यंत्र सुरू कसं करायचं, अलार्म वाजला तर आधी काय बघायचं, असलं सगळं. एकेका पानावर पाच-सहा जण हात मारायचे आणि कोणी काय बदललं ते सिस्टिम लाल रंगात दाखवायची. एकाने एक स्पेस दिली आणि दुसऱ्याने येऊन दोन केल्या, की पान लालेलाल. त्या गर्दीत खरा बदल, म्हणजे कुठे पाचाचे पन्नास झाले असले तर, तो कोणाच्या डोळ्यांना दिसणार? म्हणून नियम केला, एकच स्पेस. नियम चिन्मयीनेच लिहिला होता. तो पाळून घ्यायचं कामही तिच्याच गळ्यात होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

नॉर्बर्ट तुस्कानो मात्र वसईचा. तिथल्या पापडी गावातल्या टायपिंग क्लासमध्ये, वाक्य संपलं की दोन स्पेस, असं खडखड करत शिकलेला. फुलस्टॉप आला की त्याचा अंगठा दोनदा पडायचा म्हणजे पडायचाच. चिन्मयीने सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी हात टेकले आणि रोज संध्याकाळी त्याच्या पानांतल्या जादा स्पेस काढायला लागली. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायचा.

"मॅन्युअल कोण वाचतं, बाय?" तो एकदा ऑफिसच्या किचनमध्ये म्हणाला होता. तिला तो बायच म्हणायचा, गावाकडे धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. "मशीन चालू असताना कोणी वाचत नाही. बंद पडल्यावर वाचतात. तेव्हा हात कापत असतात. अशा माणसाला एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर ढकलायचं नाही. थांबायला जागा द्यायची."

"नॉर्बर्ट, तुमची जागा मी संध्याकाळी काढूनच टाकणार आहे."

"काढ की. मी सकाळी देणार आहे," असं म्हणून त्याने डबा उघडून तिच्यापुढे तांदळाची वाफवलेली सांदणं धरली होती. लुर्डसने, त्याच्या बायकोने, केलेली.

मंगळवारचं पानही तसंच आलं. बुधवारचंही. चूक शोधायला जावं तर एक नाही. नियमांच्या पानावर लिहिलेलं सगळं तंतोतंत पाळलेलं, अगदी जे चिन्मयी स्वतः कधीमधी विसरायची तेसुद्धा. तिने पानाखाली लिहिलं, 'काय हो, तब्येत बरी आहे ना?' लगेच उत्तर आलं, 'येस, थँक यू चिन्मयी.'

त्याने तिला आजवर कधी नावाने हाक मारली नव्हती.

मग ती त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका बघायला लागली. माणूस कॉम्प्युटरवर असला की ठिपका हिरवा, उठून गेला की थोड्या वेळाने पिवळा. नॉर्बर्टचा ठिपका पिवळा होतच नव्हता. जेवायच्या वेळी हिरवा. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी हिरवा. पहाटे पाणी प्यायला उठून तिने फोनवर पाहिलं, तरी हिरवा. आणि हा माणूस आठनंतर फोन न उचलणारा, कोंबड्यांबरोबर झोपणारा. मीटिंगमध्ये त्याचा कॅमेरा बंदच असायचा. "केस वाढलेत, सलून बंद आहेत, तुम्हाला घाबरवायचं नाही," असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. आवाजही गेल्या आठवड्यापासून ऐकू आला नव्हता, घसा बसलाय म्हणून तो नुसतं लिहायचा. बॉस ॲलन म्हणायचा, "नो वरीज, मेट," आणि पुढे जायचा. ॲलनला मॅन्युअल वेळेवर हवं होतं, बस.

चिन्मयीने दोनदा फोन केला. तो वाजत राहिला. मेसेज आला, 'घसा. टाईप ओन्ली.' ठिपका हिरवाच.

"कोणीतरी त्याच्या नावाने लिहितंय," ती निनादला म्हणाली.

"कोण कशाला लिहील? मॅन्युअल आहे ते, प्रेमपत्र नव्हे."

"मी सांगते तुला. तो नाहीये तिथे."

स्वरदाने हेडफोन काढला. "Aai, that's creepy," ती म्हणाली आणि परत घातला.

गुरुवारच्या पानाने मात्र चिन्मयीच्या अंगावर काटा आला. यंत्र ऑक्सिजनचं होतं, हाय-फ्लो म्हणतात तसलं, या साथीसाठीच घाईघाईने बनवलेलं. पान अलार्मचं. अलार्म कधी वाजतो, बटण कुठलं दाबायचं, सगळं इंजिनियरच्या माहितीप्रमाणे बरोबर. आणि शेवटी तीन वाक्यं, जी कुठल्याच इंजिनियरने कधी दिली नव्हती. 'पेशंटला स्क्रीन दिसत नाही. आवाज कसला आहे ते त्याला सांगा. कोणी सांगेपर्यंत तो आवाज मोजत पडून राहतो.'

तिने ती वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. हे कोणी टेबलावर बसून लिहिलेलं नव्हतं. हे कोणीतरी उताणं पडून, छताकडे बघत सांगितलेलं होतं. तिने कुकरमधली खिचडी डब्यात भरली, मास्क घेतला आणि गाडी काढली. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती, पण आजारी माणसाला मदत करायला जाता यायचं. आजारी कोण आहे, हे पोलिसांनी विचारलं असतं तर काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच नाही. नॉर्बर्टच्या टूनगॅबीपर्यंतचा रस्ता भर दुपारी मोकळा पडला होता, सिग्नल आपले कोणासाठीही नसताना लाल-हिरवे होत होते. वर कुठेतरी पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं.

नॉर्बर्टच्या घराचे पडदे अर्धे उघडे होते. बेल वाजवली, कोणी आलं नाही. दारावर कागद चिकटवला होता, या घरात विलगीकरण आहे, आत येऊ नका. ती लॉनवरून खिडकीपाशी गेली आणि काचेला हात लावून आत पाहिलं.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. समोर खुर्ची, पाठीवर नॉर्बर्टचा चॉकलेटी स्वेटर. खुर्चीत कोणी नव्हतं. खोलीत कोणी नव्हतं. आणि स्क्रीनवरचा बाण हलत होता. किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, थांबून पुन्हा. माऊसवर कोणाचा हात नव्हता.

पळून जावं असं चिन्मयीला वाटलं, तरी ती काचेच्या आणखी जवळ गेली.

मग तिला दिसलं, माऊस टेबलावर ठेवलेला नव्हता. तो एका मनगटी घड्याळावर ठेवला होता. सेकंदकाटा खालून फिरत होता आणि माऊसला वाटत होतं कोणीतरी आपल्याला हलवतंय.

"चिन्मयी?"

आतल्या दारात लुर्डस उभी होती. केस विस्कटलेले, गाऊनवर नॉर्बर्टचं जाकीट. तिने खिडकीची काच बोटभर सरकवली आणि स्वतः चार पावलं मागे जाऊन उभी राहिली. "जवळ नको येऊ. मी पॉझिटिव्ह आहे."

"आंटी, नॉर्बर्ट कुठे आहेत?"

"हॉस्पिटलमध्ये. आयसीयूत. गेल्या शुक्रवारपासून झोपवून ठेवलंय त्याला, नळी घालून." तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजी कुठे मिळते ते सांगावं तसं. "आत जाऊ देत नाहीत. फोनवर नर्स सांगते तेवढंच."

"अहो, मग ऑफिसला कळवायचं नाही का? आम्ही काहीतरी..."

"त्यानेच सांगितलंय. अँब्युलन्समध्ये चढताना सांगितलं, मॅन्युअलच्या रिलीजपर्यंत कोणाला कळू देऊ नकोस." लुर्डस खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "शेवटच्या पानावर नावं येणारेत ना तुमची?"

चिन्मयीच्या आत्ता कुठे लक्षात आलं. या एका मॅन्युअलमध्ये, पहिल्यांदाच, लिहिणाऱ्यांची नावं छापायची होती. ॲलनने सांगितलं होतं, रिलीजच्या दिवशी जे प्रोजेक्टवर असतील त्यांचीच. रजेवर गेलेल्याच्या जागी एजन्सीतून दुसरा माणूस यायचा, आणि नाव त्याचं लागायचं. ते ऐकून नॉर्बर्टने मीटिंगनंतर तिला फोन केला होता. एवढा खूश तो कधी नसायचा. "आई विचारते गं, बाय. सगळा जन्म लिहितोस म्हणतोस, मग नाव कुठाय तुझं? आता दाखवतो तिला."

"मग पानं कोण लिहितंय?"

"तोच." लुर्डसने फोन वर केला. "नळी घालायच्या आधी तीन दिवस मास्कवर होता. लिहिता येत नव्हतं, म्हणून बोलून पाठवलं. मराठीत. उरलेली सगळी पानं, एकेक करून. मी इंग्रजीत टाईप करते. डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे ना मी, येतं मला तेवढं. घड्याळाचं पण तिथल्या पोरींनीच शिकवलं. घरून काम करताना सगळ्या तेच करतात म्हणे." ती ओशाळवाणं हसली. "रोज एकच मेसेज ऐकते. सगळे एकदम ऐकले तर संपतील."

चिन्मयीने खिचडीचा डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"तुला कसं कळलं?" लुर्डसने विचारलं. "मी तर तुझे सगळे नियम वाचून काढले. दोनदा वाचले. एकही मोडला नाही, कोणाला संशय यायला नको म्हणून."

"म्हणूनच कळलं, आंटी. त्यांनी एकही पाळला नव्हता."

लुर्डसच्या तोंडून हसल्यासारखा आवाज निघाला आणि मध्येच मोडला. तिने जाकिटाच्या बाहीने डोळे पुसले.

"कालचा ऐक," ती म्हणाली आणि फोन खिडकीकडे धरला.

आधी नुसता वाऱ्यासारखा आवाज आला, मास्कमधून जोरात हवा सुटल्यासारखा. मग नॉर्बर्ट. खोल विहिरीतून बोलावं तसा. "पेशंटला स्क्रीन दिसत नाही." थांबला. श्वास आत गेला, बाहेर आला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. "आवाज कसला आहे ते त्याला सांगा." आत, बाहेर. आत, बाहेर. "कोणी सांगेपर्यंत तो मोजत पडून राहतो." पुन्हा तेच दोन श्वास. "मला लावलेलं हे मशीन आपल्या कंपनीचं नाही, लुर्डस. पण आपल्याच जातीचं आहे. बायला सांग, ही वाक्यं काढू नको."

रेकॉर्डिंग संपलं तरी तो हवेचा आवाज चिन्मयीच्या कानात राहिला. घरी जाईपर्यंत राहिला.

आता तिच्यापुढे पेच होता. दुसऱ्याच्या नावाने लिहिणं म्हणजे नोकरीवरून काढायचा गुन्हा, आणि माहीत असून गप्प बसणारीही त्यात आली. वर हे हॉस्पिटलचं यंत्र. चुकून काही राहून गेलं तर? तिने ॲलनला मेल लिहायला घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. मग लुर्डसने टाईप केलेलं एकेक पान काढून इंजिनियरच्या माहितीशी आकडा न् आकडा ताडून पाहिलं. सगळं बरोबर होतं. नॉर्बर्टने ताप अंगात असताना, मास्क लावून, एक आकडा चुकवला नव्हता. चिन्मयीला त्याचा अभिमान वाटला आणि लगेच खूप रडू आलं. स्वरदाने "Aai, you okay?" म्हणून विचारलं, तर कांदा चिरत नसतानाही ती कांदा म्हणाली.

त्यानंतर तिने जे केलं ते तिच्या ओळखीच्या कोणालाही खरं वाटलं नसतं. तिने नॉर्बर्टच्या पानांत फुलस्टॉपनंतर दुसरी स्पेस द्यायला सुरुवात केली. एकेका वाक्यानंतर, हाताने. ॲलनलाही त्या स्पेस ठाऊक होत्या, तो त्यावरून चेष्टा करायचा, त्या नाहीशा झाल्याचं त्याच्या लक्षात आलं असतं, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण प्रत्येक वाक्याशी तिला तो श्वास ऐकू यायचा, आत, बाहेर, आत, बाहेर, आणि एका स्पेसमध्ये तो मावत नव्हता.

लुर्डसचा मेसेज रोज यायचा. 'तसाच आहे.' कधी, 'आज जरा बरं म्हणतात.' रिलीज पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला होतं.

त्या शुक्रवारी सकाळी स्वरदाला दूध देत असताना फोन वाजला.

"गेला, चिन्मयी," लुर्डस म्हणाली. "पहाटे. नर्सने फोन त्याच्या कानाशी धरला होता. मी बोलले त्याच्याशी."

चिन्मयी खाली फरशीवर बसली. बाहेर त्या सांगाड्यावरचं प्लास्टिक फडफडत होतं.

"ते घड्याळ," लुर्डस म्हणाली. "काढू का आता? बघवत नाही माझ्याने."

चिन्मयीने डोळे मिटले. लॅपटॉपवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. "आंटी, पाचपर्यंत राहू दे," ती म्हणाली. "जमेल तुम्हाला?"

"जमेल," लुर्डस म्हणाली.

दहाला ॲलनने मीटिंग घेतली. सगळ्यांचे चेहरे चौकोनांत आले, नॉर्बर्टचा चौकोन नेहमीसारखा काळा. ॲलन एकेकाचं नाव घेऊन हजेरी लावत गेला, शेवटच्या पानावर कोणाकोणाची नावं घालायची ते बघायला. "नॉर्बर्ट, यू देअर, मेट?"

काळ्या चौकोनातून काही आवाज आला नाही. चिन्मयीने टेबलाची कड घट्ट धरली. मग खाली अक्षरं उमटली. 'हिअर.'

"गुड ऑन या," ॲलन म्हणाला. कोणीतरी अंगठा दाखवला. चिन्मयीने स्वतःचा कॅमेरा बंद केला.

दुपारभर ती शेवटची तपासणी करत बसली. प्रत्येक पान बाहेर सोडण्याआधी सिस्टिम तपासायची आणि तिच्याच नियमानुसार विचारायची. नॉर्बर्टचं पहिलं पान आलं तसा निरोप आला, फुलस्टॉपनंतर जादा जागा सापडल्या आहेत, काढून टाकायच्या का? तिने 'नाही' दाबलं. दुसऱ्या पानाला पुन्हा तेच. पुन्हा 'नाही'. खाली एक बटण होतं, सगळ्या पानांना मिळून एकदाच उत्तर द्यायचं. ते तिनेच मागे कधीतरी हट्टाने करून घेतलं होतं. ते तिने दाबलं नाही. निनाद चहा ठेवून गेला. एकेक पान उघडत, एकेकदा 'नाही' म्हणत ती शेवटच्या पानापर्यंत आली. तिथे नावं होती, आणि त्यांत तो होता, नॉर्बर्ट तुस्कानो.

पाच वाजता मॅन्युअल बाहेर गेलं. तिने लुर्डसला मेसेज केला, 'झालं. आता काढा.'

ठिपका लगेच गेला नाही. माणूस उठून गेलाय हे कळायला सिस्टिमला थोडा वेळ लागतो. चिन्मयी त्याच्याकडे बघत बसून राहिली. स्वरदा भूक लागली म्हणून दोनदा येऊन गेली.

मग तो पिवळा झाला.